तिसरा पडदा

रन्वा पहाटेच पिंजऱ्यांच्या बोटीवर गेली.
टेबलावर ठेवून गेली लॅपटॉप, दोन मॉनिटर,
वायरींचा गुंता आणि एक चिठ्ठी:
"बाबा, तू चाळीस वर्षं जहाजांवर वायरलेस सांभाळलास.
एवढं जमव."
एकतीस वर्षं. पण असो.

रात्रपाळी ती घरून करते, तिला तीन पडदे हवेत.
लॅपटॉपवर पाण्यातला प्राणवायू,
डावीकडे गोल गोल फिरणारे सामन मासे.
उजवीकडे काय, ते चिठ्ठीत नाही.

डावा लगेच लागला.
उजवा काळा. वायर बदलली, काळा.
फुंकर मारून लावली, जुनी खोड, तरी काळा.
यंत्र म्हणतं, मॉनिटर? कुठला मॉनिटर?

दुपारपर्यंत एवढं उमगलं,
या चपट्या पेटीत चित्रकार दोन आहेत.
एक साधा, कमी खाणारा, दिवसभर जागा,
सगळी चित्रं तोच काढतो.
दुसरा पैलवान. बॅटरी फस्त करतो
म्हणून निजवून ठेवलेला.
आणि कारखान्यातल्या कुणा शहाण्यानं
उजव्या बाजूचं भोक
थेट पैलवानाच्या उशाशी डाख देऊन जोडलंय.
म्हणजे चित्र एकाचं, दार दुसऱ्याचं,
आणि दारवाला घोरतोय.

'सूलान'वर आमच्याकडेही दोन ट्रान्समीटर होते.
एक रोजचा, एक संकटापुरता.
संकटवाल्याला मी दर रविवारी उठवायचो:
आहेस का?
तो खरखरायचा: आहे.
बस, एवढंच.
कधीच न उठवलेली वस्तू
हळूहळू खोटी होत जाते.

लिनक्स मात्र रविवार पाळत नाही.
ड्रायव्हर बदलला, यंत्र पुन्हा सुरू केलं,
आता तिन्ही काळे.
प्रगतीच म्हणायची, निदान भेदभाव गेला.
कंट्रोल, आल्ट, एफ तीन.
काळ्यावर पांढरी अक्षरं, लुकलुकणारी एक रेघ,
आणि मला एकदम बरं वाटलं;
असल्या अंधाराशी बोलायची मला सवय आहे.
एका फाइलीत, मोडसेटच्या पुढे,
शून्य पुसून एक लिहिला.
बाहेर मेंढ्या भिंतीच्या अलीकडच्या बाजूला आल्या होत्या,
म्हणजे वारा फिरला.
कॉफीचं पाणी झालं होतं.

मग एक्सरँडरला विचारलं, आत कोणकोण आहे?
म्हणाला, दोघं.
तेव्हा चष्मा कपाळावर चढवून
एका बोटानं ओळ लिहिली:
चित्र त्याच्याकडून घे, दारातून तू दे.

उजवा पडदा खाकरला. निळा झाला.
बाण उजवीकडे ढकलला तर डावीकडे उगवला,
त्यांच्या जागांची अदलाबदल केली,
आणि रन्वाच्या कालच्या खिडक्या
एकेक करून परत आल्या.

उजवीकडे: पाचव्या पिंजऱ्यावरचा कॅमेरा.
मासे नाहीत. तोंड किनाऱ्याकडे वळवलेलं.
राखाडी खाडी, ट्वोरोयरीचा धक्का, वर चढण,
चढणीवर गवताच्या छपराचं एक घर,
दोरीवर विसरलेला टॉवेल,
स्वयंपाकघरात भरदुपारी दिवा.

माझं घर.

बराच वेळ टॉवेलाकडे बघत बसलो.
"बाबा, काल पुन्हा दोनपर्यंत जागा होतास,"
हे तिला कसं कळतं?
मला वाटायचं शेजारची मारिन चुगल्या करते.
फेब्रुवारीपासून बोललो नाही तिच्याशी.

चिठ्ठीच्या मागे लिहिलं:
उजवा लागला. साठ हर्ट्झ. वायर हलवू नकोस.
बाकी काही लिहिलं नाही.

जाता जाता मारिनकडे थांबेन,
वाऱ्यावर वाळवलेल्या मटणाचा एक तुकडा आहे, तो देईन,
कशाबद्दल ते सांगणार नाही.
आज बरोबर अकराला दिवा मालवीन.
आणि मग खुर्चीत, अंधारात,
आवाज अगदी बारीक करून
रेडिओ ऐकत बसेन.